भूतही नाही, सोंगही नाही

आमच्या गावाजवळ जनावरांचा सरकारी दवाखाना होता. म्हशीनं चारा सोडला, बैलाचा खांदा सुजला, की निरोप धाडायचा. डॉक्टर सायकलवर यायचा, जनावराच्या पोटाला हात लावायचा, नळीनं औषध पाजायचा. आमच्या वस्तीतला चहा तो प्यायचा नाही, पण बैलाला मात्र मन लावून तपासायचा. त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही, बैल बरे व्हायचे. माझी तक्रार अशी आहे की त्याच काळात, बाहत्तरचा दुष्काळ सरल्यानंतरच्या त्या वर्षांत, आख्ख्या परभणी जिल्ह्यात ज्याचं मन ठिकाणावरून सुटलंय अशा माणसाला चार दिवस सुखरूप ठेवायला एक खोली नव्हती. हे मी ऐकीव सांगत नाही. आम्ही ती खोली शोधत फिरलो होतो.

पालमच्या बाजूचं आमचं गाव. मी तिथली धाकटी सून. शेजारच्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवायचे, म्हणून घरात नि वस्तीत सगळे मला 'मास्तरीण'च म्हणत. नवरा नोकरीपायी औरंगाबादेला, महिन्या-दोन महिन्यांनी यायचा. माझी जीभ माहेरापासून तिखट. सासू म्हणायची, "हिच्या तोंडात मिरचीचं झाड हाय." म्हणायची, पण आमच्या घरात मला कुणी त्यापायी येडी म्हटलं नाही. ते का, हे पुढं कळेल.

थोरल्या जावेला मी आक्का म्हणायचे. जिभेच्या बाबतीत ती माझीही गुरू. डोक्यावर सरपणाचा भारा, हात मोकळे, आणि तोंडानं सासऱ्याशी वाद चाललेला, अशी ती वाटेनं यायची. सासऱ्याला, म्हणजे आमच्या मामांना, आख्ख्या वस्तीत उलटून बोलणारी ती एकटी. आणि मामांना ते आवडायचं. "वकील करायला पाहिजे होती हिला," असं ते चारचौघांत म्हणायचे.

मामांबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्या एका शब्दावर अडलं. छप्पन साली धर्म बदलला तेव्हा घरातले सगळे देव टोपलीत घालून त्यांनी स्वतः गोदावरीत सोडले होते. भिंतीवर बुद्धाची तसबीर लावली आणि त्या दिवसापासून घरात नवस नाही, अंगारा नाही, लिंबू-मिरची नाही. अमावस्येला मुद्दाम शेतावर जायचे. "भूत दाखवा, मी त्येला बिडी पाजतो," म्हणायचे. मला त्यांचा अभिमान होता, अजूनही आहे. पण अभिमानाच्या माणसाचीच चूक जास्त महागात पडते, कारण तिच्यावर कुणाला शंका येत नाही.

आक्काला लग्नानंतर कितीतरी वर्षांनी दिवस गेले. माहेरी आई नव्हती, म्हणून बाळंतपण आमच्याकडेच झालं. मुलगी झाली. बाळ धडधाकट, आक्काही बरी. पहिले काही दिवस ती नुसती आनंदात होती. मग तिची झोप गेली.

सुरुवातीला आम्ही हसलो. ओली बाळंतीण, आणि पहाटेच उठून भांडी घासते, अंगण सारवते, घासलेली भांडी पुन्हा घासते. बोलणं तर असं की एका गोष्टीचं शेपूट हातात येईपर्यंत दुसरी सुरू. मग ती उतरंडीतल्या मडक्यांना कान लावू लागली. आत कुणीतरी आपल्याबद्दल कुजबुजतंय, असं म्हणायची. आणि एका दुपारी ती बाळाकडं टक लावून बघत मला म्हणाली, "ही माझी न्हाई. माझी कुणीतरी बदलून नेली. हिला परत करून यायले मी."

ती उठली आणि बाळ उराशी धरून विहिरीकडं पळाली.

काठावर तिला धरलं ते कापूस वेचून येणाऱ्या बायकांनी. एकीनं बाळ ओढून घेतलं, दोघींनी आक्काचे दंड धरले. मी मागून धावत पोचले तेव्हा आक्का त्यांना समजावून सांगत होती, अगदी शांतपणे, की खाली पाण्यात तिची खरी पोरगी वाट बघतेय. तिला कुणाचं वाईट करायचं नव्हतं. ती आपल्या लेकीला आणायला निघाली होती.

त्याच दिवशी बाळ नणंदेकडं पाठवलं. नणंद पाथरीच्या बाजूला दिलेली, तिलाही अंगावर पिणारं पोर होतं, दुधाची सोय झाली. त्या घटकेला दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. बाळ वाचलं पाहिजे, आक्का वाचली पाहिजे, आणि दोघी पुन्हा एकमेकींना मिळाल्या पाहिजेत, एवढंच माझ्या डोक्यात होतं. पहिल्या दोन गोष्टी मला अवघड वाटत होत्या. तिसरी आपोआप होईल असं वाटलं होतं.

आता घरात दोन निकाल लागले.

सासूचा निकाल, बाहेरचं लागलंय. देव गोदावरीत गेले होते, पण आत्याच्या, म्हणजे सासूच्या, मनातली भीती काही गेली नव्हती. ती मामांना चोरून पलीकडच्या गावच्या जाणत्याकडं जाऊन आली. त्यानं सांगितलं, हिला झोपू देऊ नका, डोळा लागला की ते पक्कं धरतं. झालं. आक्का आधीच कित्येक रात्रींची जागी, आणि आता तिला जागं ठेवायला बायका बसल्या. पापणी मिटली की कानाशी थाळी वाजवायची, तोंडावर पाणी मारायचं, कडुनिंबाचा धूर करायचा. जिला झोपेवाचून वेड लागत चाललं होतं तिची उरलीसुरली झोप त्या माझ्या डोळ्यांदेखत हाकलत होत्या. आणि हे सगळं मायेनं! आत्याच्या डोळ्यांना धूर लागून पाणी यायचं, तरी ती थाळी खाली ठेवायची नाही.

मामांचा निकाल वेगळा. ते दारात उभे राहायचे आणि म्हणायचे, "ऊठ, कामाला लाग. पोरगी झाली म्हणून तोंड लपवायलीस? बास झालं सोंग."

मी त्यांच्यासमोर गेले. "मामा, आक्का सोंग करती व्हय? तुमाला दिसंना का तिची दशा?"

ते म्हणाले, "मास्तरीण, तू शिकल्याली हायेस. तूच सांग. भूत असतंय का?"

"न्हाई."

"मग हिच्यात काय शिरलं?"

"काई शिरलं न्हाई."

"मग सोंगच की. तिसरं काय असतंय?"

म्हटलं, "ताप येतो तवा काय भूत शिरतं? का तापाचं कुणी सोंग करतं?"

त्यांनी स्वतःच्या कपाळाला हात लावून बघितला. मग म्हणाले, "ताप हाताला लागतो. हे हाताला लागंना."

तिथंच सगळं अडलं होतं. आमच्या लोकांनी भुताला हाकललं आणि त्याच्या रिकाम्या जागी काय ठेवायचं ते कुणी सांगितलंच नाही. सरकारनं सांगितलं नाही, शाळेनं सांगितलं नाही, आमच्या पुढाऱ्यांनी भाषणातून सांगितलं नाही. देवीच्या लसीला घरोघर माणसं आली, कुटुंबनियोजनाच्या गाड्या तर दारात उभ्या राहायच्या. पण माणसाचं मन आजारी पडतं आणि ते बरंही होतं, हे एक वाक्य कुणी भिंतीवर लिहिलं नाही. मग मामांसारखा स्वच्छ डोक्याचा माणूसही सोंग म्हणणार नाही तर काय! एकीकडं थाळी, दुसरीकडं दटावणी. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात तशी आक्काची गत झाली, औषध कुणाच्याच हातून मिळेना. भाऊजी, म्हणजे तिचा नवरा, ओट्यावर बसून विड्या ओढत होता. त्याला विचारलं की मामांकडं बोट करून म्हणायचा, "आबा म्हणतील तसं."

शेवटी मामाच म्हणाले, "चला परभणीला. डागदरच सांगू दे सोंग हाय म्हणून. मग तर तुझं समाधान हुईल?" सोंग सिद्ध करायला का होईना, ते निघाले. मला तेवढं पुरे होतं.

एसटीच्या कंडक्टरनं आक्काकडं बघितलं आणि दार अडवलं. "येड्या बाईला गाडीत घेत न्हाई मी. कुणाला चावली-बिवली तर?" मी त्याला असं काही झापलं की मागचे पॅसेंजर हसायला लागले, पण त्यानं घेतलं. वाटेत आक्का ड्रायव्हरला रस्ता सांगत होती, गाडी विहिरीकडं घे म्हणत होती. पुढच्या बाकावर एकीचं तान्हं रडायला लागलं आणि आक्का एकदम गप्प झाली. तिच्या चोळीचा पुढचा भाग भिजत चालला होता. पान्हा फुटला होता. त्या बाईनं मागं वळून बघितलं आणि पदराखाली पोर झाकून ती पुढं सरकून बसली. मी माझा पदर आक्काच्या अंगावर टाकला. मामा खिडकीबाहेर बघत राहिले.

परभणीच्या मोठ्या दवाखान्यात आमचा नंबर दुपारी लागला. डॉक्टर उठूनही आले नाहीत. लांबूनच म्हणाले, "अशा केसला इथं खाट नाही. पोलिसात द्या. ते कोर्टापुढं उभी करतील, कोर्टाचा हुकूम झाला की वेड्यांच्या इस्पितळात पाठवतील."

"ते कुठं हाय?"

"पुण्याकडं."

"आणि परत कवा येती?"

"ते मी कसं सांगू?"

बाळंतपणाची बिमारी आणि रस्ता पोलिसांचा! तेव्हाचा कायदाच तसा होता म्हणे. कायदा असेल, पण तो लिहिणाऱ्याच्या घरी बाळंतीण नव्हती का?

आम्ही चौकीवर गेलो. तिथला हवालदार पान लावत होता. त्यानं विचारलं, "हिनं कुणाला मारलंय?"

"न्हाई."

"कुणाचं डोकं फोडलंय? आग लावलीय?"

"न्हाई ओ साहेब."

"मग आमी काय करायचं? काई केलं की घेऊन या."

म्हणजे हिनं आधी लेकराला विहिरीत टाकायचं, मग हिची व्यवस्था होणार. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना. त्या बाकड्यावर बसून मला जो राग आला तो आज इतक्या वर्षांनी हे लिहिताना पुन्हा हातात उतरलाय, अक्षर वाकडं होतंय.

हवालदारानं पान तोंडात टाकलं आणि मामांकडं बघून हसला. "म्हातारबा, तुमी लोक पण ना! खामखा गाडीभाडं घालून आलात. सोंग असतंय हे बायांचं. दोन द्या कानाखाली, सुतासारखी सरळ हुती बगा."

मामा उठले. त्यांचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता. घरात त्यांनी जो शब्द रोज वापरला तोच शब्द त्या माणसाच्या तोंडून, लाल थुंकीतून, त्यांच्या सुनेवर येऊन पडला होता. ते म्हणाले, "सोंग न्हाई हे. बिमारी हाय. माझी सून बिमार हाय." आणि आक्काचा हात धरून पायऱ्या उतरले. तोवर तिचा हात मीच धरत होते.

आम्ही पुन्हा दवाखान्यात गेलो. या वेळी मामा दारातून हललेच नाहीत. दुसरे एक वयस्क डॉक्टर बसले होते. ते निदान उठून आले. आक्काची नाडी बघितली, डोळे बघितले, बाळंतपण कधी झालं ते विचारलं, झोपेचं विचारलं. म्हणाले, "काही बायकांना बाळंतपणानंतर असं होतं. बरं होतं हे. पण झोप लागली पाहिजे, आणि एकटीला क्षणभर सोडायचं नाही." सुई दिली, गोळ्या दिल्या, आठवड्याला दाखवायला सांगितलं. मी म्हटलं, "इथंच ठेवा ना थोडे दिवस." ते म्हणाले, "ठेवता येत नाही. घरीच एखाद्या शांत जागी ठेवा."

"शांत जागा कुठून आणू साहेब? तीन पत्र्यांचं घर हाय आमचं."

चांगले गृहस्थ होते. पण चांगल्या माणसाचाही राग येतो, जेव्हा त्याचे हात रिकामे असतात आणि ते रिकामे का आहेत हे तो कुणाला विचारत नाही.

जागा मामांनी काढली. वस्तीत आमचं छोटं विहार होतं. एक खोली, मातीच्या जाड भिंती, वर पत्रा, समोर लिंबाचं झाड. सकाळ-संध्याकाळ वंदना व्हायची, बाकी वेळ बंद. मामांनी बैठक बोलावली आणि सांगितलं, थोरल्या सुनेला तिथं ठेवायचं. दोघं-तिघं उसळले. "विहारात येडी ठेवता? पवित्र जागा हाय ती." मामा म्हणाले, "बिमार माणूस आल्यानं जी जागा बाटती ती आपण छप्पन सालीच सोडून आलो." वंदना झाडाखाली घ्यायची असं ठरलं.

आता माणसं हवी होती. दिवाळीची सुट्टी होती म्हणून मी होते, पण मी एकटी किती पुरणार? कापसाच्या वेचणीचे दिवस. बायकांची रोजी चालू. तरी ज्या बायकांनी आक्काला विहिरीच्या काठावर धरलं होतं त्यांनीच पाळी लावली. रोज कुणीतरी दोघी वेचणीला जायच्या नाहीत, आक्काजवळ बसायच्या. मग दुसऱ्या दोघी. कुणी कुणाला शिकवलं नव्हतं, पण बघता बघता त्यांचे नेम ठरले. बाहेरून कडी लावायची नाही. प्रश्न विचारायचे नाहीत. ती मडक्यातल्या आवाजाबद्दल बोलली तर हो म्हणायचं नाही आणि नाहीही म्हणायचं नाही, "मी हाय हितं" एवढंच म्हणायचं. दोर, विळा, काडेपेटी खोलीत ठेवायची नाही. आणि बसून नुसतं बघत राहायचं नाही, हातात काहीतरी काम घ्यायचं, वाती वळायच्या, शेंगा फोडायच्या. एकटक बघितलं की तिला भीती वाटते, हे त्यांच्या लक्षात आलं होतं.

पहिल्या संध्याकाळी आत्या थाळी घेऊन आली. मी दारात आडवी झाले. म्हटलं, "आत्या, थाळी आत न्यायची तर माझ्यावरून जा." ती रडायला लागली. "अगं, झोपली तर जाईल गं ती. माझ्या हातून जाईल." तेव्हा मला कळलं की म्हातारी आक्काला त्रास देत नव्हती, तिला धरून ठेवत होती. मी थाळी काढून घेतली आणि तेलाची वाटी तिच्या हातात दिली. "तिला धरायचंच हाय ना? मग पाय धरा." आत्या आक्काच्या पायथ्याशी बसली आणि काशाच्या वाटीनं तिचे तळवे घासत राहिली. आक्काचा डोळा लागला तेव्हा आत्यानं थाळीकडं बघितलं, पण तिनं तिला उठवलं नाही. आक्का झोपली. दुसऱ्या दिवशी ऊन चांगलं वर आलं तरी झोपलेली होती.

ती एका रात्रीत बरी झाली नाही. मध्ये एकदा झाडाखालून पळाली, एकदा गोळ्या थुंकल्या, एकदा माझ्या तोंडावर पाण्याचा तांब्या फेकला, त्याची खूण अजून भुवईजवळ आहे. पण हळूहळू मडकी बोलायची थांबली. मग एका सकाळी तिनं स्वतःहून वेणी घातली आणि विचारलं, "मास्तरीण, माझी पोरगी कुठं हाय?" 'खरी' म्हणाली नाही, 'बदललेली' म्हणाली नाही. माझी म्हणाली.

आता अशा कामासाठी मोठमोठी नावं निघालीत, बैठका होतात, पाहुण्यांना पुष्पगुच्छ देतात. बोलावलं की मीही जाते. पण आमच्या त्या बायकांनी वेचणीची रोजी सोडून जे केलं त्याला कुणी नाव दिलं नाही. सरकारचं काम त्यांनी केलं, आणि सरकारला ते काम आहे हेच ठाऊक नव्हतं.

इथं गोष्ट संपायला हवी होती. संपली नाही, आणि माझा खरा संताप इथून पुढचा आहे.

आक्का घरी आली. संक्रांतीपर्यंत ती सगळं काम करत होती, डॉक्टरांनी गोळ्या कमी केल्या होत्या. तिनं बाळाला आणा म्हटलं. नणंदेचा निरोप आला, "पक्की बरी व्हऊ द्या, मग बघू." आत्या म्हणाली, खरंच आहे. भाऊजी म्हणाला, खरंच आहे. आक्का म्हणाली, "मी बरी हाय. माझं लेकरू मला का देईनात?" म्हणताना तिचा आवाज चढला. चढणारच. दगडाचाही चढला असता.

आणि भाऊजी आत्याला हळूच म्हणाला, "बघ, सुरू झालं."

त्या दोन शब्दांनी मी जळते. त्या दिवसापासून आक्काच्या प्रत्येक गोष्टीला ते चिकटले. ती मोठ्यानं हसली, सुरू झालं. गप्प बसली, सुरू झालं. भाकरी करपली, सुरू झालं. शेजारणीची करपली तर चूल वाईट! मी याच घरात रोज तारस्वरात भांडायचे. मी ओरडले तर मास्तरीण तिखट आहे, आक्का ओरडली तर येडी आहे. तोच आवाज, तेच घर, तेच कारण.

मी पाथरीच्या बाजूला जाऊन नणंदेच्या दारात भांडूनही आले. उपयोग शून्य, उलट नणंदेचा नवरा म्हणाला, "एका घरात दोन-दोन." परत आल्यावर आक्का मला म्हणाली, "तू भांडू नको. मलाच काय ते करावं लागंल. आता राग गिळायचा. पोरगी येस्तवर." आणि तिनं गिळला. मामांशी वाद घालणं तिनं सोडलं. ते मुद्दाम खोड काढायचे, काहीतरी वेडंवाकडं बोलून बघायचे, ती "व्हय मामा" म्हणून कामाला लागायची. मामा माझ्याकडं बघायचे. एकदा मला म्हणाले, "हिला बोलती कर गं." मी काय करणार? बोलली की लेकरू लांब जात होतं.

शेवटी एप्रिलातल्या जयंतीच्या आधी मामाच जाऊन लेकीला बजावून आले, पोरगी घेऊन ये नाहीतर माझ्या दारात येऊ नको. नणंद आली. बातमी आधीच पसरली होती, आमच्या अंगणात निम्मी वस्ती जमली. बाळाला बघायला नव्हे. आक्का काय करते ते बघायला.

पोरगी आता बसायला लागली होती, माणसं ओळखायला लागली होती. नणंदेच्या कडेवरून तिनं आक्काकडं बघितलं आणि तोंड फिरवलं. आक्कानं हात पुढं केले. पोरीनं नणंदेचा पदर घट्ट धरला. नणंदेनं तिची मूठ सोडवून तिला आक्काच्या हातात दिलं, तशी ती पाठ ताणून, निळी पडेपर्यंत किंचाळायला लागली. आईच्या छातीवर मुठी मारत होती, मधूनच दोन्ही हात नणंदेकडं पसरत होती.

सगळं अंगण आक्काच्या चेहऱ्याकडं बघत होतं. आक्का मंद हसत उभी होती. डोळ्यांत टिपूस नाही. किंचाळणाऱ्या लेकराच्या पाठीवरून तिचा हात एका लयीत फिरत होता. बायका एकमेकींना म्हणाल्या, "किती शांत झाली बगा. आता पक्की बरी झाली." नणंदेनंही मान हलवली. भाऊजीनं विडी पेटवली.

आक्का पोरीला घेऊन घरात आली, मी तिच्या मागं. ती भिंतीकडं तोंड करून बसली. पोरगी अजून तिच्या मांडीवरून सुटायला बघत होती. बाहेर ऐकू जाऊ नये इतक्या हळू आवाजात आक्का म्हणाली, "मास्तरीण, माझ्या वाटचं तू रड गं. मला रडता येत न्हाई. समदे बघायलेत."

मी रडले. मला हळू काही करता येत नाही, मी गळा काढून रडले. अंगणात कुणीतरी विचारलं, "मास्तरणीला काय झालं ओ?"

"काई न्हाई," आत्या म्हणाली. "लय मायाळू हाय ती."